ओटीवरून दिसणारे घर

कोकणातल्या जुन्या घरावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. दगडी जोते, विटांच्या भिंती, ओटी, पडवी, माजघर, परसातली विहीर. ही यादी वाचकाला आता तोंडपाठ आहे. पण यातले बहुतेक लेखन ओटीवर बसून झालेले आहे. अंगणात उभ्या राहिलेल्या कुळाला तेच घर कसे दिसत असे?

श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही माझ्या मते या विषयावरची सर्वांत भरघोस कादंबरी. जगबुडीकाठच्या खोत घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या पेंडसे अशा उभ्या करतात की, वाड्याच्या तुळया करकरलेल्या ऐकू याव्यात. खोतांचा माज ते मुळीच झाकीत नाहीत. तरी वाडा खचला की हळहळतो तो आपलाच जीव. कुळाची खोपटी किती पावसाळे टिकली, हे विचारायचे राहून जाते.

याउलट विनोबांच्या आठवणी पाहा. पेण तालुक्यातल्या गागोद्याला, १८९५ साली, त्यांचा जन्म झाला. घर जमीनदाराचेच. पण आठवणींत भिंतींची मिजास नाही. फणस पिकला की आधी शेजाऱ्यांकडे गरे पोचवायला लावणारी आई आहे. नात्याचा नसताना घरचा म्हणून सांभाळलेला आंधळा काका आहे. कादंबरीकाराला न साधलेली गोष्ट या साध्या निवेदनाला साधते: घर माणसांवरून ओळखू येते.

तरीही कुळ अंगणातच राहिले. आमच्या खारेपाटात तर शेतच माणसाने बांधलेले! भरतीला बांध घालायचा, तो फुटला की खारे पाणी भाताच्या खाचरात. कमरेइतक्या चिखलात उभे राहून ज्यांनी तो रचला, त्यांच्या श्रमावर खोतांच्या कणग्या भरल्या. शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरीला, १९३३ साली कुळांनी जमीन कसायचेच सोडले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. संप १९३९ पर्यंत चालला. मध्यंतरी, १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले.

शेते पडीक ठेवून ती माणसे सहा वर्षे जगली कशी? बायकांनी चुली कशावर पेटवल्या, सणाला पोरांच्या हातावर काय ठेवले, खोताच्या दारावरून जाताना मान खाली घातली की वर ठेवली? पेंडशांनी वाड्याला दिली तेवढी पाने या चुलींना देणारी कादंबरी मला वाचायची आहे.