‘पेन’ या संज्ञेविषयी

चेहऱ्याच्या त्वचेखाली हायल्युरॉनिक आम्लाचे भरणद्रव्य सोडणाऱ्या, हातात धरावयाच्या मोटारयुक्त साधनास जाहिराती ‘पेन’ म्हणतात. शब्द सुटसुटीत खरा. अर्थदृष्ट्या तो सदोष आहे. परभणी जिल्ह्याच्या बोलीत इंजेक्शन म्हणजे ‘सुई’. टोचणारी वस्तू तेथे नावातच दिसते. ‘पेन’ तिला झाकतो. शिवाय मधुमेही माणूस इन्शुलिनचे ‘पेन’ स्वतःच वापरतो. त्या परिचयातील निर्धास्तपणा या नव्या साधनास आयताच लाभतो. वस्तुतः येथे मोटार दट्ट्याला ठराविक वेगाने सारते, अंगठ्याचा जोर वाचतो, इतकेच. सुई कायम राहते, आणि द्रव्य रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मृत होते, क्वचित दृष्टीही जाते. याहून मोठा घोटाळा पुढेच आहे. सुईवाचून, केवळ दाबाने द्रव्य घुसविणारे साधनही ‘पेन’च, त्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा दिला. तीन साधने, नाव एक, आणि तेही लेखणीचे! ‘मोटारसुई’ हा समास ‘मोटारसायकल’च्याच घडणीचा असल्याने कानास खटकू नये. उरलेल्या दोन साधनांना तो लागू पडत नाही, आणि संज्ञेकडून अपेक्षा असते ती याच भेदाची.