‘देव’ या पदनामाची चिकित्सा

कॅप्टन एडवर्ड मूर याने ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या 7व्या खंडात चिंचवडच्या देवांविषयी जो वृत्तांत लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘वंशपरंपरागत जिवंत देव’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. तिने वाचकाचे लक्ष चमत्काराकडे वेधले. संस्थेचा मूळ प्रश्न झाकला गेला. मोरया गोसावींच्या वंशात गणपतीचा अंश सात पिढ्या राहील, ही ती परंपरा. श्रद्धेचा भाग सोडला तरी वारसाची व्यवस्था म्हणून ती विलक्षण आहे. पुढचा धनी कोण, हे ती सांगते. आपण केव्हा संपणार, हेही सांगते. त्यानंतरच्या दिवसाविषयी मात्र मौन पाळते.

हे मौन निभावले ते ‘देव’ या शब्दाच्या अनेकार्थतेमुळे. मूर्ती, विभूती आणि इनामांचा उपभोग घेणारा पदाधिकारी, या तिघांनाही एकच नाम! 1810 साली शेवटचा देव निपुत्रिक वारला, तेव्हा देवस्थानाचे उत्पन्न चालू राहावे म्हणून दूरच्या नातलगास गादीवर बसविण्यात आले. अंश संपला, पद उरले. पुढे तेच आडनावही झाले. मूरचे लेखन या घटनेपूर्वीचे होय. तथापि सनदा आणि श्रद्धा यांतील भेद त्यालाही दिसण्याजोगा होता.

मोरगाव, थेऊर व सिद्धटेक येथील व्यवस्था पाहणारे हे देवस्थान आज ‘विश्वस्त’ या परिभाषेत वावरते. 1950च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे 22वे कलम विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत कळविण्यास सांगते. नवा विश्वस्त आधीपासून तयार करण्याविषयी त्या कलमात एक अक्षरही नाही.