जालन्याचें बेथेल आणि एडिंबरोचे कागद

एडिंबरो येथें १८ मे १८४३ रोजीं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय धर्मसंस्थेंत फूट पडली. धर्मोपदेशकाची नेमणूक जमीनदारानें करावी कीं मंडळीनें, या वादावरून शेंकडों उपदेशक सेंट अँड्र्यूजच्या मंदिरांतून बाहेर पडले व त्यांनीं ‘फ्री चर्च’ स्थापिलें. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन प्रभृति मिशनरीही त्या पक्षास मिळाले. त्या जुन्या नगरीच्या धर्मकलहाशीं मोंगलाईंतील जालन्याचा कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु संबंध आहे, आणि त्याचे कागद अजून कोणीं नीट लाविलेले नाहींत.

त्याच १८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयी भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरीं राहिला होता. बापानें न्यायालयाकडे धांव घेतली व मुलगा त्याच्या स्वाधीन झाला. मग त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर मोठें रण माजलें. बाळशास्त्री जांभेकरांनीं शुद्धीचा पक्ष उचलला आणि सनातन्यांचा रोष पत्करला. पुढें नारायण शेषाद्रि जालन्यास गेले. सर सालारजंग यांच्याकडून त्यांस जमीन मिळाली व तीवर ‘बेथेल’ नांवाचें ख्रिस्ती खेडें वसलें. बेथेल म्हणजे ईश्वराचें घर. याकोबाच्या कथेंतील हें नांव गोदेच्या खोऱ्यांत येऊन पडलें.

या विषयावर ज्यांचा आधार घेतला जातो ते दोन इंग्रजी ग्रंथ : जॉर्ज स्मिथकृत विल्सनचरित्र (१८७८) व मरे मिचेल यांच्या आठवणी (एडिंबरो, १८९९). पहिल्याचा नायक विल्सन. त्यामुळें इतर सर्व माणसें त्याच्या छायेंत उभीं राहतात. दुसरा ग्रंथ श्रीपतप्रकरणानंतर ५६ वर्षांनीं छापलेला. मिचेल यांस मराठी चांगलें अवगत होतें. तुकोबांचें चरित्र त्यांनीं १८४९ सालींच इंग्रजींत मांडलें होतें. त्यांच्या सचोटीविषयीं शंका नाहीं. परंतु वृद्धपणीं लिहिलेली आठवण ही आठवणच. तिला समकालीन पत्राचें मोल देतां येत नाहीं. राजवाड्यांनीं बखरींस जी कसोटी लाविली ती या ग्रंथांस लावण्यास आपण कां कचरतों, हें प्रस्तुत लेखकास समजत नाहीं. छापील व इंग्रजी म्हणून तें खरें, असा कांहीं नियम नाहीं.

मिशनच्या वार्षिक अहवालांचीही तीच गोष्ट. ते वर्गणीदारांकरितां लिहिले जात. त्यांतील बाप्तिस्म्याचे आंकडे बखरींतील फौजेच्या आंकड्यांइतक्याच सावधपणें घ्यावेत. उलट, मिशनचा कागद म्हणून तो टाकाऊ, ही आपल्याकडील दुसऱ्या पक्षाची खोड तितकीच घातक आहे. श्रीपतप्रकरणीं एक पक्ष त्यास हिरावून नेलेला भक्त म्हणतो, दुसरा परत आणलेला पुत्र म्हणतो. त्या मुलाचा स्वतःचा शब्द मात्र दोहोंतही ऐकूं येत नाहीं.

बेथेलचा विचार करितां हा दोष अधिकच जाणवतो. तेथें आलेलीं कुटुंबें बव्हंशीं मांग व महार समाजांतील. अहवालांत तीं ‘कळप’ म्हणून येतात; नांव, मूळ गांव, वतन, सोडलेलें घर यांचा पत्ता नाहीं. बाबा पदमनजींनीं ‘अरुणोदया’च्या रूपानें आपली हकीकत आपल्या भाषेंत लिहून ठेविली, म्हणून त्यांचें मन आपणांस कळतें. या खेडुतांची बाजू कोठून कळावी? माझ्या मतें बेथेलच्या इतिहासाचा गाभा येथेंच आहे. ब्राह्मणकुलांतील ख्रिस्ती, शिया दिवाण व गांवकुसाबाहेरचीं कुटुंबें, या तिघांचा व्यवहार एका जमिनीवरून झाला. तो व्यवहार भक्तिरसाच्या भाषेंत समजावयाचा नाहीं. इनाम कीं कौल, सारा किती, सूट किती वर्षें, हें पाहिलें पाहिजे.

त्यासाठीं तीन ठिकाणीं शोध व्हावा. हैदराबादच्या जुन्या दप्तरांत त्या जमिनीचा मूळ कागद पाहावा. एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत स्कॉच मिशनांचा पत्रव्यवहार जतन केलेला आहे. त्यांतील जालन्याचीं पत्रें तारीखवार उतरून घ्यावीं. आणि तिसरें, सर्वांत निकडीचें, मंडळ्यांकडील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या. फ्री चर्च १९०० सालीं दुसऱ्या मंडळींत मिळालें, १९२९ सालीं तें पुन्हा मूळ स्कॉटिश चर्चशीं एक झालें, १९७० सालीं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निघालें; मालक बदलला कीं कपाटें बदलतात, आणि कपाटें बदललीं कीं वह्या रद्दींत जातात.

जालन्याच्या संग्राहकांचें लक्ष काबिलखानाच्या १७२५ च्या गढीकडे, जमशेदखानाच्या मशिदीकडे व १६७९ च्या शिवछत्रपतींच्या स्वारीकडे असतें, तें योग्यच आहे. असईच्या १८०३ च्या रणांत पडलेल्या हायलंडर शिपायांविषयींही बरेंच लिहिलें गेलें. बेथेलमधील पहिल्या वीस घरांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं असल्यास, ती वही, फाटकी असली तरी, नक्कल करून या त्रैमासिकाकडे पाठवावी. मोडींत असल्यास लिप्यंतराची व्यवस्था होईल.