खुंटीवरचे टाळ

वाचकहो, गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून माझी उभ्याची सेवा थांबली. तरी सप्ताहाच्या पत्रिका अजून घरी येतात, ही गावोगावच्या मंडळींची कृपा. परवा अशीच एक पत्रिका हाती आली. वर माउलींचे आणि तुकोबारायांचे चित्र, त्याखाली आठ कीर्तनकारांचे फोटो, प्रत्येकाच्या नावामागे तीन-तीन विशेषणे. मग अन्नदात्यांची यादी, मग मंडप आणि स्पीकर कोणाकडून ते. अगदी तळाशी, चष्मा पुसून वाचावे लागेल अशा बारीक अक्षरांत एक ओळ होती. त्या ओळीत गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार अशी चार नावे आणि शेवटी 'व समस्त भजनी मंडळ'.

आज मला त्या शेवटच्या ओळीवर बोलायचे आहे. कारण कीर्तन कसे झाले हे आपण वरच्या फोटोंवरून ठरवतो आणि कीर्तन खरोखर उभे असते ते त्या ओळीवर.

वारकरी कीर्तनाची घडण जरा बारकाईने पाहा. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंग-उत्तररंग बहुतांशी एकट्याच्या बळावर पेलतात, साथीला पेटी-तबला असतो. आपल्याकडे तसे नाही. कीर्तनकार अभंगाचे चरण सोडतो आणि मागचे टाळकरी ते उचलतात. ध्रुवपद त्यांच्या गळ्यात असते. निरूपण करताना कीर्तनकार प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारतो न उच्चारतो तोच मागून चाल सुरू होते. ज्ञानोबारायांचे प्रमाण येईल की नाथांचे, नामदेवरायांचे की तुकोबांचे, हे मागच्याला आधी कोणी सांगितलेले नसते. म्हणजे जेवढे पाठांतर पुढच्याला लागते, जवळजवळ तेवढेच मागच्यालाही लागते. फरक इतकाच की पुढच्याला पाठांतराचा मान मिळतो आणि मागच्याचे पाठांतर तो चुकला तरच लक्षात येते. शिवाय मागचे गातात तेवढा वेळ कीर्तनकाराला दम मिळतो, पुढचा विचार जुळवता येतो. दोन तासांच्या कीर्तनात कीर्तनकार विद्वान वाटतो, त्यातले निम्मे श्रेय त्या मधल्या श्वासांचे असते. हे मी उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो.

आणि हे फक्त गाणाऱ्यांपुरते नाही. सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नसते. पहाटे काकडा झाला, पारायण झाले, दुपारी गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. रात्री दोन ते चार पहाऱ्याला उभा असलेला विणेकरी कोणाच्या फोटोत आला आहे का? मृदंगाचे पाहा. डाव्या पुडीला कणीक लावायची ती वाजवण्याच्या आधी ताजी भिजवून आणि वाजवून झाले की खरवडून काढायची. उजव्या पुडीवर शाई, म्हणजे लोखंडाचा कीस आणि भात यांचा एकावर एक घोटलेला थर. पावसाळी हवेत पुडी उतरते, मग गट्ठे ठोकून वादी ताणायची. हे सारे कीर्तनाच्या आधी अर्धा तास कोपऱ्यात बसून कोणीतरी करत असते. तेव्हा आम्ही कीर्तनकार पाटलांच्या ओसरीवर दूध पीत असतो. आणि मंदिराच्या मागे चुलीपाशी ज्या माउल्या असतात त्यांना कीर्तन फक्त कर्ण्यातून ऐकू येते. शेवटची पंगत उठून भांडी घासून होईतो पसायदान सुरू झालेले असते.

आपल्या संतांनी या मागच्या माणसाला कुठे ठेवले होते? शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. तिच्या अगदी शेवटी जी नोंद आहे तिच्यात लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. ग्रंथाचा शेवटचा मान लेखणी धरणाऱ्याला आहे. तुकोबारायांच्या मागे चौदा टाळकरी उभे राहत, अशी परंपरा सांगते. त्यांतल्या संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले म्हणून आपण आज गाथा डोक्यावर घेऊन नाचतो. चाकणच्या तेल्याच्या वह्या नसत्या तर आम्ही कीर्तनकारांनी कशावर निरूपण केले असते? आपला संप्रदाय मागच्यांनीच पुढे आणला आहे.

आता माझ्या हातून घडलेले सांगतो. ते सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गोदाकाठच्या एका गावी माझे काल्याचे कीर्तन होते. वय तरुण, आवाज चढा आणि स्वतःविषयी भ्रमही चढाच. मांडव भरलेला. तिसऱ्या चरणाशी आलो आणि पुढचे सगळे पुसले गेले. चौथा चरण आठवेना, प्रमाण आठवेना. तोंडाला कोरड पडली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका वयस्कर टाळकऱ्याने ध्रुवपद वरच्या सुरात उचलले. बाकीच्यांनी ते धरले, मृदंग दुगुणीत गेला, मांडव टाळ्या वाजवू लागला. त्या गजरात तो पावली खेळत खेळत माझ्या खांद्याशी आला, चौथ्या चरणाचे पहिले दोन शब्द कानात टाकले आणि तसाच पावली खेळत मागे गेला. लोकांना वाटले, महाराजांनी काय रंग भरला! कीर्तन संपल्यावर पाया पडायला रांग लागली. तो गृहस्थ तेव्हा कोपऱ्यात बसून टाळांचे जोड मोजून फडक्यात बांधत होता. कोरडवाहू शेती करणारा माणूस, शाळा बहुधा पाहिलेलीही नसावी. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने नुसती मान हलवली. मी काही बोललो नाही.

पुढे माझे नाव झाले. दहा-बारा वर्षांनी त्याच गावचे बोलावणे आले. तोवर बाहेरून तयारीचे गायक नेण्याची रीत सुरू झाली होती. मी निरोप धाडला, 'गाणारी मंडळी मी सोबत आणतो. गावच्या मंडळींचा सूर लागत नाही.' खोटे नव्हते ते. सूर खरोखरच थोडा इकडेतिकडे असे. त्या वर्षी गावचे टाळकरी दुसऱ्या रांगेत उभे राहिले. नुसते टाळ वाजवले, तोंड उघडले नाही. मला ते दिसले, पण खटकले नाही.

गेल्या वर्षी त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. सप्ताह चालू आहे असे कळले, म्हणून साध्या धोतर-सदऱ्यात मागे जाऊन बसलो. कीर्तनकार हुशार होता. त्याच्यामागे एकसारख्या पोशाखातली वीस मुले, सगळी बाहेरगावची. गाणे सुरेल, अगदी मोजून-मापून. गावातले एकही माणूस त्या रांगेत नव्हते. मंदिराच्या भिंतीला खुंट्यांवर काशाचे टाळ टांगलेले होते. दोऱ्या कुजलेल्या, कडांवर हिरवट कळा आलेली. स्पीकरच्या यंत्रापाशी एक तरुण बसला होता. त्याला विचारले, 'हे टाळ का रे असे?' तो म्हणाला, 'माउली, ते आजोबांच्या वेळचे. आधी गावचं भजन होतं. मग कोणी महाराज आले, त्यांनी त्यांचे गाणारे आणले. पुढच्या वर्षी दुसऱ्यांनीही आणले. आजोबा म्हणायचे, आता आपलं काम राहिलं नाही. रागावले नव्हते ते.' त्याच्या आजोबांची खूण विचारली. तेच होते.

ते महाराज कोण हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. मीही सांगितले नाही. त्या माणसापुढे मी दुसऱ्यांदा गप्प बसलो. तिसऱ्यांदा बसू नये म्हणून हा लेख.

यावर पूर्वपक्ष असा येईल की, 'बुवा, काळ बदलला. गावातली तरुण मुले पुण्या-मुंबईला कारखान्यांत गेली, उरलेल्यांना पाठांतर नाही. बाहेरून मंडळी आणली नाहीत तर कीर्तनच होणार नाही. आणि ती मुलेही आळंदीत माधुकरी मागून शिकलेली गरिबाची पोरे आहेत. त्यांच्या पोटावर का मारता?' पूर्वपक्ष खोटा नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती याच हेतूने की गावोगाव जाणती माणसे तयार व्हावीत. त्या परंपरेत शिकलेल्या मुलांवर माझा राग असण्याचे कारण नाही. उलट तीही त्या बारीक ओळीतलीच आहेत. कीर्तनकाराचे पाकीट केवढे आणि रात्रभर प्रवास करून येणाऱ्या त्या मुलाच्या हाती काय पडते, हे सप्ताह कमिटीच्या वहीत पाहा. कीर्तनाच्या बदल्यात काही घेऊ नये, हा तुकोबारायांचा दंडक आम्ही मोठ्यांनी कधीच गुंडाळून ठेवला. निदान जे घेतो त्याची वाटणी तरी नीट करावी.

पण उत्तरपक्ष असा. बाहेरची मंडळी येणे हा दोष नाही. ती येऊन गेल्यावर गावात काही उरत नाही, हा दोष आहे. सप्ताह सात दिवसांचा असतो आणि एकादशी महिन्यातून दोनदा येते. पाहुणे गायक गेल्यावर एकादशीचा जागर कोण करणार? गावात कोणी गेले तर दिंडी काढून भजन कोण म्हणणार? आषाढीला पायी निघायचे तर चालता चालता अभंग कोण सोडणार? रंगलेल्या सात रात्रींसाठी आपण वर्षाची तीनशे अट्ठावन्न रात्रींची सोय मोडली, आणि सुरेल कीर्तनाच्या हट्टापायी ती मोडणाऱ्यांत मी होतो. सूर थोडा कमी लागला तर कीर्तन उणे होते. पण गाव गायचे थांबले तर कीर्तनाचे मूळच तुटते. आपल्याकडे कीर्तन हे ऐकण्याचे नाही, करण्याचे साधन आहे. मांडवातला माणूस श्रोता होऊन बसला आणि टाळ खुंटीला गेले, की मग उरतो तो नुसता कार्यक्रम.

म्हणून यापुढे कीर्तनाची पारख करताना वाचकहो, आधी कीर्तनकाराच्या पाठीमागे पाहा. मागच्या रांगेत गावातली किती माणसे आहेत? ती तोंड उघडतात का? कर्ण्याचा घुमारा इतका आहे का, की टाळकऱ्याला स्वतःचाच टाळ ऐकू येऊ नये? संपल्यावर कीर्तनकार मागे वळून हात जोडतो का? ही उत्तरे नीट नसतील तर पुढचे निरूपण कितीही गोड असो, त्याला मी अर्धेच गुण देईन.

सप्ताह कमिट्यांना माझी विनंती साधी आहे. बाहेरून चार गायक आणा, पण मागच्या रांगेत त्यांच्या शेजारी गावचे चार उभे करा. हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन यांच्यामध्ये वेळ असतो. त्यात त्या पाहुण्या मुलांनी गावच्या पोरांना, लेकींनाही, दोन चाली आणि चार ठेके शिकवावेत. शिकवण्याची दक्षिणा वेगळी द्यावी. मृदंगाच्या पुड्या आणि टाळांच्या दोऱ्या यांचा खर्च कोणा एकाच्या खिशातून न जाता वर्गणीतून व्हावा. काल्याच्या दिवशी पहिला प्रसाद विणेकऱ्याच्या आणि स्वयंपाकघरातल्या माउलींच्या हातावर ठेवावा. आणि पत्रिकेतली ती शेवटची ओळ वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावी.

शेवटी एक आठवण देतो. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी तळावर आली की समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार चोप वर करतात आणि लाखाचा समाज क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती आपले टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो आणि मगच आरती पुढे सरते. सर्वांत मागच्या दिंडीचेही गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय माउलींची आरती होत नाही, ही आपली रीत.

त्या गावच्या त्या टाळकऱ्याने मात्र गाऱ्हाणे केले नाही. त्याने टाळ मुकाट्याने खुंटीला लावले. म्हणून त्याच्या वतीने हे टाळ मी वाजवत ठेवले आहेत. येत्या कार्तिकीच्या आधी त्या गावी जाऊन खुंटीवरच्या टाळांना नव्या दोऱ्या घालायच्या आणि ते महाराज कोण होते हे त्या मुलाला सांगायचे, असे ठरवले आहे. गुडघ्यांनी तेवढी साथ द्यावी, एवढेच पांडुरंगाजवळ मागणे.

रामकृष्णहरी!