लिहिलेली मिठी : ‘इबेलिन’ हा चित्रपट आणि सोंगाच्या खेळातली मैत्री

मराठीत ‘सोंग’ या शब्दाची मोठी गंमत आहे. ‘उगाच सोंगं करू नकोस’ असं आई मुलाला दरडावते, तेव्हा सोंग म्हणजे लबाडी. आणि जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात रात्रभर एकामागून एक देवादिकांची सोंगं येतात, लोक त्या मुखवट्यांना हात जोडतात, तेव्हा त्याच शब्दात लबाडीचा लवलेश नसतो. मुखवट्यामागे शेजारच्या पाड्यावरचा ओळखीचा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हात जोडले जातात. इंग्रजीत ज्याला ‘रोलप्लेइंग गेम’ म्हणतात त्याला आम्ही आज ‘सोंगाचा खेळ’ म्हणणार आहोत, ते शब्दाच्या या दोन्ही बाजू लक्षात घेऊनच. कारण ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, त्याचा सगळा झगडा या दोन अर्थांमधलाच आहे.

चित्रपट नॉर्वेचा आहे, ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’. दिग्दर्शक बेंजामिन रे. 2024च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, तिथे त्याला दिग्दर्शनाचं आणि प्रेक्षकांच्या पसंतीचं अशी दोन पारितोषिकं मिळाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो नेटफ्लिक्सवर आला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल, पाहून रडलाही असाल. रडणं खरंच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार थोडी वेगळी आहे, तिच्याकडे येऊ.

आधी खेळाबद्दल दोन शब्द, कारण सगळेच काही खेळणारे नसतात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र धरतात. गोष्ट चालवणारा विचारतो, ‘समोर पूल तुटलेला आहे, तू काय करतोस?’ तुम्ही सांगता, ‘मी दोरी टाकतो.’ जमलं की नाही हे फासे ठरवतात. बस, एवढंच. पडद्यावर चित्र नाही, अंगावर पोशाख असलाच पाहिजे असं नाही. जे काही घडतं ते वाक्यात घडतं. ‘मी तिला सावरतो’ हे वाक्य उच्चारलं की तुम्ही तिला सावरलेलं असतं. पुढे हीच मंडळी व्हिडिओ कॉलवर बसून खेळू लागली, फासे संगणकावर पडू लागले, पण खेळाचं मर्म तेच राहिलं. म्हणून तर तो दूरदूरच्या माणसांना इतका सहज मानवला. वाक्याला गाव लागत नाही.

या खेळाची भीती मात्र लगोलग आली. 1979 मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला, आणि खेळाच्या नादाने तो भुयारात हरवला अशी आवई उठली. त्याच्या जाण्याशी खेळाचा संबंध नव्हता, पण आवई टिकली. 1982 साली त्या वातावरणावर ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ नावाचा दूरचित्रपटही आला. त्यात तरुण टॉम हँक्स आपल्या पात्रात शिरतो तो बाहेरच येत नाही. सोंग म्हणजे भ्रमिष्टपणा, असा तो सरळ हिशेब. ‘इबेलिन’ हा चित्रपट त्या हिशेबाला बेचाळीस वर्षांनी दिलेलं उत्तर आहे असं आम्हाला वाटतं. फक्त उत्तर देताना त्याने प्रश्न तपासून घेतला का, हे पाहायला हवं.

आता कथा. मॅट्स स्टीन, जन्म 1989. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. या आजारात स्नायू वर्षागणिक निकामी होत जातात. शाळकरी वयातच चाकांची खुर्ची आली, आणि शेवटी तर फक्त बोटं हलायची. 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना, रॉबर्ट आणि ट्रुडे यांना, सगळ्यात मोठं दुःख हे की आपला मुलगा मित्रांशिवाय, प्रेमाशिवाय, कुणाच्या उपयोगी न पडता गेला. तो ब्लॉग लिहायचा, आणि त्याचा पासवर्ड त्यांच्याकडे होता. वडिलांनी तिथे मृत्यूची बातमी लिहिली, खाली आपला पत्ता दिला, आणि देशोदेशींहून पत्रं येऊ लागली. मॅट्स ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात ‘स्टारलाइट’ नावाच्या गटात होता. तिथे त्याचं नाव इबेलिन. अंत्यविधीला गटातले पाच जण वेगवेगळ्या देशांतून आले.

हा खेळ टेबलावरचा नव्हे, संगणकावरचा, 2004 सालचा. पण ‘स्टारलाइट’ची माणसं तो टेबलावरच्या रीतीने खेळत होती. राक्षस मारणं हे त्यांना दुय्यम. पात्र धरून एकमेकांशी बोलायचं, पात्राने काय केलं ते तृतीयपुरुषी लिहायचं, ‘इबेलिन खाली बसतो आणि बराच वेळ काही बोलत नाही’ अशा धाटणीचं. या लिखाणाच्या नोंदी जपलेल्या होत्या, सुमारे 42,000 पानं. चित्रपट त्यातूनच उभा राहिला. रे यांनी या नोंदींवरून संवाद घेतले, नटांकडून वदवून घेतले आणि खेळाच्याच धर्तीच्या ॲनिमेशनमध्ये इबेलिनचं आयुष्य पुन्हा घडवलं.

बांधणी हुशार आहे. सुरुवातीची वीसेक मिनिटं घरगुती व्हिडिओंवर चालतात: चालणारं मूल, मग पडणारं मूल, मग खुर्ची, मग पाठमोरा मुलगा आणि पडदा. आपण आईवडिलांच्या जागी बसतो आणि त्यांच्याइतकंच चुकीचं समजतो. मग चित्रपट गोष्ट मागे नेतो आणि त्या पाठमोऱ्या मुलासमोर काय चाललं होतं ते दाखवतो. रूमर नावाची एक मुलगी त्याची टोपी हिसकावून पळते. ती नेदरलँड्समधली. तिच्या एका आभासी चुंबनाने तो मोहरतो. डेन्मार्कची एक आई, खेळातलं नाव रायके, ऑटिस्टिक मुलाशी कसं जुळवून घ्यावं या काळजीत असते. इबेलिन तिला सुचवतो, त्याच्याबरोबर तुम्ही इथेच खेळा ना. आणि प्रत्यक्षात जी जवळीक त्या मुलाला जड जात होती, ती खेळात आधी येते आणि मग घरात.

आता आमचं म्हणणं.

ती मिठी पडद्यावर दिसते तेव्हा दोन ॲनिमेटेड देह एकमेकांना बिलगतात, संगीत वर चढतं आणि आपला घसा दाटतो. पण मूळ खेळात काय झालं असेल? एक आज्ञा टाइप केली असेल, आणि चौकटीत एक ओळ उमटली असेल, अमुकने अमुकला मिठी मारली. ओळ. त्या ओळीआधी कुणीतरी किती वेळ थांबलं असेल, काय लिहून खोडलं असेल, हे देह दाखवू शकत नाहीत. मॅट्सची तर बोटंच काय ती शाबूत होती. त्याच्यासाठी प्रत्येक वाक्य हे श्रम होते. मैत्री त्या श्रमांनी बनली होती. चित्रपट ते श्रम पुसून टाकतो आणि त्या जागी त्याला नेमकं तेच बहाल करतो जे त्याच्यापाशी नव्हतं: धावणारे पाय, रुंद खांदे. आपण आनंदाने म्हणतो, बघा, तिथे तो धावत होता! आणि तो खरोखर धावायचाही. रोज खेळात शिरला की आधी इबेलिनला पळवून आणायचा. त्याला त्याचं सुख होतं, ते नाकारणारे आम्ही कोण. पण मित्रांनी जी पत्रं लिहिली ती त्याच्या धावण्याबद्दल नव्हती. तो ऐकून घ्यायचा आणि नीट उत्तर द्यायचा, याबद्दल होती. धडधाकट देहाशिवाय मैत्री पूर्ण होत नाही, हा जो आपला जुना समज, तो चित्रपट मोडायला निघतो आणि मागच्या दाराने आत घेतो.

कुणी म्हणेल, अहो, चित्रपट आहे, पावणेदोन तास चौकटीतल्या ओळी कोण वाचणार? मान्य. चित्रपटाला चित्र लागतं. पण आमचा आग्रह एवढाच की हे भाषांतर आहे, आणि भाषांतरात काय सांडलं ते समीक्षेने मोजायला हवं.

दुसरं. आधार देणारा इबेलिन चित्रपटाला फार प्रिय आहे. याला सल्ला, तिला धीर. असा माणूस गेल्यावर त्याची किंमत सिद्ध करणं सोपं पडतं. इतक्यांच्या उपयोगी पडला, म्हणजे आयुष्य वाया गेलं नाही. हा तर्क आम्हाला टोचतो. उपयोगी पडला नसता तर? आजारी माणसाला जगण्याचा हिशेब चुकता करावा लागतो आणि धट्ट्याकट्ट्यांना कुणी विचारत नाही, हा कुठला न्याय?

म्हणूनच चित्रपटाचा उत्तम भाग आम्हाला तो वाटतो जिथे इबेलिन वाईट वागतो. एकाच वेळी दोघी-तिघींशी लगट करतो, लागट बोलतो, मित्र दुखावतात. प्रत्यक्ष भेटायचं ठरलं की टाळतो, आवाजावर बोलायचं म्हटलं की टाळतो. गटाला त्याच्या आजाराचा पत्ता नसतो. ते विचारत राहतात, का? आणि तो सांगत नाही. इथे तो संत उरत नाही. इथे पहिल्यांदा कळतं की इतरांना आधार देणं ही त्याची आड घ्यायची जागाही होती. देणारा हात वर असतो ना. घेणाऱ्याला मात्र आपल्याला काय हवं ते बोलून दाखवावं लागतं.

टेबलावरच्या खेळाने या अडचणीवर पुढे एक साधी युक्ती काढली, ती सांगायचा मोह होतो. जॉन स्टॅव्हरोपोलोस यांनी रूढ केलेलं ‘एक्स-कार्ड’. टेबलाच्या मधोमध फुली मारलेला एक कागद ठेवायचा. गोष्टीत काही असह्य आलं तर त्यावर बोट ठेवायचं. प्रसंग तिथेच बदलतो, आणि का ते कुणी विचारायचं नाही. ऑनलाइन बैठकीत चॅटमध्ये फक्त फुली टाकली तरी चालते. पाहायला किरकोळ, पण यात मोठी समज आहे. माणसाला थांबायचा हक्क आहे, आणि त्या हक्कासाठी त्याने आपली जखम उघडी करून दाखवायची गरज नाही. सगळे गट हे पाळतात असं नव्हे. काहींना ते लाडावणंही वाटतं. आम्हाला ते शहाणपण वाटतं. मॅट्सच्या चौकटीत अशी फुली नव्हती. त्याच्यापाशी दोनच वाटा होत्या, गप्प राहणं किंवा सगळं सांगणं. बरीच वर्षं तो गप्प राहिला आणि शेवटी सगळं सांगितलं.

सांगितल्यावर काय झालं? गटाने त्याला इबेलिनच ठेवलं. हे चित्रपटात थोडक्यात उरकतं आणि आमच्या मते तिथेच जरा रेंगाळायला हवं होतं. कारण दोन गोष्टी होऊ शकल्या असत्या. एक, आता कळलं बरं, सोंग होतं सगळं, म्हणून पाठ फिरवणं. दुसरी, अरे बिचारा, म्हणून गोंजारणं. त्यांनी दोन्ही केलं नाही. माणसाची हकीकत कळल्यावरही मुखवट्याशी त्याच्या नावाने बोलत राहिले. बोहाड्यातल्यासारखंच. आजही दरवर्षी ते खेळात जमतात आणि त्याच्या आठवणीत एकत्र धावतात.

शेवटी एका कागदाबद्दल. रूमरच्या आईवडिलांनी अभ्यासाच्या काळजीने तिचा संगणक काढून घेतला होता, आणि ती खचत चालली होती. तेव्हा मॅट्सने त्यांना पत्र लिहिलं. इबेलिनने नव्हे, मॅट्सने, पात्र बाजूला ठेवून. खेळातली मैत्री तुमच्या मुलीसाठी काय आहे हे त्याने त्या अनोळखी आईबापांना समजावून सांगितलं. नेमकं जे रॉबर्ट आणि ट्रुडे यांना कुणी सांगायला हवं होतं ते. म्हणजे त्याला ते शब्दांत मांडता येत होतं, मोठ्या माणसांपुढे मांडायचं धाडसही होतं. आणि तरी भिंतीपलीकडच्या स्वतःच्या आईवडिलांना लिहिलेलं असं पत्र चित्रपटात कुठे दिसत नाही. का, हा प्रश्न रे विचारत नाहीत. वडील कॅमेऱ्यासमोर बसलेले असतात, तेव्हाही नाही.