गोंगाट कोणाचा? रिप्रेसिलेटरच्या प्रतिमानाची चिकित्सा

मायकेल एलोविट्झ व स्टॅनिस्लास लायब्लर यांचा जानेवारी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध जनुक-नियमनाच्या गणिती प्रतिमानांच्या चर्चेत हटकून येतो. त्यातील कल्पना साधी आहे. तीन जनुकांपैकी पहिल्याच्या प्रथिनाने दुसऱ्याला दाबायचे, दुसऱ्याच्या प्रथिनाने तिसऱ्याला आणि तिसऱ्याच्या प्रथिनाने पुन्हा पहिल्याला. तीन संदेशवाहक आरएनए व तीन प्रथिने यांची सहा समीकरणे मांडून हे वर्तुळ ई. कोलाय जिवाणूत प्रत्यक्ष बसविण्यात आले.

समीकरणांचा सल्ला असा की, प्रथिनांचा ऱ्हास आरएनएच्या ऱ्हासाइतका जलद असेल तर दोलने टिकण्याची शक्यता अधिक. म्हणून प्रथिने लवकर नष्ट व्हावीत यासाठी त्यांना एक शेपटी जोडली गेली. दोलने झाली, सरासरी आवर्तन सुमारे १६० मिनिटांचे, म्हणजे पेशीविभाजनाच्या काळाहून बरेच मोठे. मात्र ती जेमतेम ४० टक्के पेशींत दिसली आणि तीही ओबडधोबड. लेखकांनी हे झाकले नाही, हे निबंधाचे मोठेपण.

खटकतो तो या ओबडधोबडपणाला दिलेला ‘नॉइज’ हा शब्द. मराठीत गोंगाट, उर्दूत शोर. सूर मूळचा शुद्ध असून पेशीच तो बिघडवते, असे या शब्दात गृहीत धरलेले असते. शब्द पोकळ आहे असे नव्हे. रेणूंची संख्या थोडी असली की योगायोगाला वाव मिळतोच. निबंधातील यादृच्छिक गणनाही तेच सांगते, आणि २००२ मध्ये एलोविट्झ व सहकाऱ्यांनी एकाच पेशीतील दोन रंगांच्या प्रथिनांवरून हा योगायोग मोजूनही दाखविला. परंतु दोलन दाखविणारे चमकते प्रथिन वेगळ्या प्लाझ्मिडवर होते, त्यालाही तशीच शेपटी होती, आणि ते प्रतिमानात कोठेच नव्हते.

२०१६ मध्ये योहान पॉल्सन यांच्या गटाने हीच रचना पुन्हा तपासली. चमकते प्रथिन मूळ प्लाझ्मिडवर आणले, शेपट्या काढल्या, एका दमनकारी प्रथिनाला गुंतवून ठेवणाऱ्या जागा वाढविल्या. दोलने अनेक पिढ्या नियमित चालली. म्हणजे पेशीच्या माथी मारलेल्या गोंगाटातला बराच भाग बांधणाऱ्यांचा होता, आणि शेपटी तर गणिताच्याच सल्ल्याने आलेली! अर्थात ही दुरुस्तीही गणिताच्याच आधारे झाली. फक्त या वेळी ते रेणू एकेक करून मोजणारे होते.

वर्गात २००० चा निबंध शिकविताना समीकरणांचा गुळगुळीत आलेख, पेशीचा खडबडीत आलेख आणि २०१६ चा आलेख हे तिन्ही फळ्यावर शेजारी शेजारी काढावेत, आणि ‘गोंगाट’ हा शब्द त्यानंतरच उच्चारावा.