एक यादी, दोन हक्क : मालकीचे संगीत, प्रवाही संगीत आणि डिजिटल संग्रहाची चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील रसिकाचा संगीतसंग्रह कपाटात मावणारा होता. ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि सीडी या वस्तूंच्या रूपाने तो डोळ्यांना दिसत असे. एकविसाव्या शतकात संग्रहाचे स्वरूप पालटले. त्याचा एक भाग म्हणजे श्रोत्याने स्वतःच्या संगणकावर साठविलेल्या फायली आणि दुसरा भाग म्हणजे मासिक वर्गणी भरून इंटरनेटद्वारे ऐकावयाचे प्रवाही संगीत. ही दोन्ही अंगे एकाच यादीत आणून श्रोत्याला एकसंध संग्रहाचा अनुभव देण्याचा प्रयत्न अनेक कंपन्यांनी केला आहे. या प्रयत्नांची चिकित्सा करणे आणि हिंदुस्थानी संगीत व नाट्यसंगीत यांच्या संदर्भात त्यांच्या मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ऐकण्याच्या सोयीसाठी एकत्रीकरण इष्टच आहे. परंतु मालकी आणि परवाना यांतील भेद पुसून टाकणारे एकत्रीकरण संग्रह या संकल्पनेलाच बाधा आणते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मालकीकडून परवान्याकडे

ॲपल कंपनीने जानेवारी २००१ मध्ये आयट्यून्स ही आज्ञावली प्रसिद्ध केली, तेव्हा तिचे काम मर्यादित होते. श्रोत्याच्या सीडीवरील संगीत संगणकावर उतरवून घेणे, त्याची सूची करणे आणि ते वाजविणे ही तिची मुख्य कामे होती. संग्रह श्रोत्याचा आणि सूचीही श्रोत्याची होती. एप्रिल २००३ मध्ये याच आज्ञावलीत विक्रीचे दालन उघडले. तेथे विकत घेतलेले गाणे डिजिटल कुलपाने बांधलेले असे व ठरावीक संगणकांवरच वाजे. हे कुलूप सर्व गाण्यांवरून काढण्याची घोषणा जानेवारी २००९ मध्ये झाली. म्हणजे काही काळ मालकीची बाजू बळकट झाली होती.

जून २०१५ मध्ये भारतासह अनेक देशांत ॲपल म्युझिक ही वर्गणीची सेवा सुरू झाली आणि चित्र पुन्हा बदलले. विकत घेतलेली गाणी, सीडीवरून उतरविलेली गाणी आणि वर्गणीमुळे ऐकावयास मिळणारी गाणी आता एकाच यादीत शेजारी शेजारी दिसू लागली. पहिल्या दोहोंवर श्रोत्याचा ताबा असतो. तिसरी वर्गणी थांबताच नाहीशी होतात. यादीवर नजर टाकणाऱ्याला मात्र हा भेद सहज जाणवत नाही. संगणकावर प्रत्येक गाण्याची अवस्था दाखविणारा एक रकाना उपलब्ध आहे. पण तो वापरणाऱ्याने स्वतः शोधून उघडावा लागतो. मालकीची माहिती असणे आणि ती समोर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एकत्रीकरणाची तीन प्रारूपे

आजवरच्या प्रयत्नांत स्थूलमानाने तीन प्रारूपे दिसतात. पहिले प्रारूप विलीनीकरणाचे. ॲपलची सेवा श्रोत्याची फाइल आपल्या भांडारातील गाण्याशी जुळवून पाहते. जुळल्यास इतर उपकरणांवर भांडारातील प्रत देते आणि न जुळल्यास मूळ फाइल चढवून घेते. आरंभीच्या वर्षात वर्गणीदारांसाठी ही जुळवणी गाण्याच्या नावावर व तत्सम नोंदींवर अवलंबून होती आणि उतरवून घेतलेली प्रत कुलूपबंद असे. प्रत्यक्ष ध्वनीवरून जुळवणी २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी, संगणकावरील मूळ फायलीच नाहीशा झाल्याच्या काही वापरकर्त्यांच्या तक्रारी पुढे आल्या. नेमके कारण सापडले नसल्याचे सांगत कंपनीने अधिक संरक्षक तरतुदी असलेली आवृत्ती मे महिन्यात दिली. आपली ही सेवा म्हणजे संग्रहाची राखीव प्रत नव्हे, हे कंपनीच सांगते. तरीही ‘माझा संग्रह तिथे आहे’ ही समजूत अशा सेवेमुळेच दृढ होते.

दुसरे प्रारूप शेजाराचे. गूगलने २०११ मध्ये सुरू केलेल्या संगीतसेवेत श्रोत्याला स्वतःची २०,००० गाणी चढविता येत. २०१५ मध्ये ही मर्यादा ५०,००० झाली. २०२० मध्ये ती सेवा बंद होऊन तिची जागा यूट्यूब म्युझिकने घेतली. तेथे चढविलेली गाणी स्वतंत्र विभागात राहतात. भेद स्पष्ट राहतो, हा या रचनेचा गुण. परंतु जुन्या सेवेतून वेळेत स्थलांतर न करणाऱ्यांचा तेथील साठा फेब्रुवारी २०२१ नंतर पुसला जाणार होता, ही गोष्ट विसरता येत नाही. भेद दाखविणारी सेवाही टिकेलच, याची हमी नसते.

तिसरे प्रारूप पाहुण्याचे. स्पॉटिफाय श्रोत्याच्या उपकरणावरील फायली आपल्या यादीत दाखविते. पण त्या स्वतःच्या भांडारात चढवून घेत नाही. येथे एकत्रीकरण सर्वांत दुबळे आहे. तथापि फाइल मूळ ठिकाणीच राहत असल्याने मालकीला धोका सर्वांत कमी, हेही नमूद केले पाहिजे.

‘तेच गाणे’ म्हणजे काय?

या सर्व रचनांमागे एक गृहीतक आहे. गाणे म्हणजे एक नाव, एक कलाकार आणि एक अल्बम. हे गृहीतक पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या व्यवहारातून आले आहे. ख्यालगायनाला ते लागू पडत नाही. किशोरी आमोणकर यांनी गायिलेली भूप रागातील ‘सहेला रे’ ही बंदिश ध्वनिमुद्रिकेवर आहे, तशीच ती त्यांच्या मैफलींतही गायिली गेली. राग, बंदिश व गायिका तीच असली, तरी प्रत्येक वेळचा विस्तार वेगळा असतो आणि रसिकाला नेमका तो वेगळेपणाच हवा असतो. नावावरून जुळवणी करणाऱ्या यंत्रणेला येथे एकच गाणे दिसते. ध्वनीवरून जुळवणी करणारी यंत्रणा ही चूक बरीचशी टाळते. पण भांडारात नसलेल्या मैफलीबद्दल तिलाही काही सांगता येत नाही.

नाट्यसंगीताची अडचण निराळी आहे. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’ या नाटकाची पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची, संगीत गोविंदराव टेंबे यांचे आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. अनेक चालींच्या मुळाशी पारंपरिक बंदिशी असतात. म्हणजे एका पदाला नाटककार, संगीतकार, गायक, भूमिका, राग आणि मूळ चीज अशा किमान सहा नोंदी हव्यात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला तर अल्बमच नव्हता. एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे एक गाणे एवढेच तिचे रूप. प्रवाही सेवेत मात्र ते गाणे पुढे कधीतरी निघालेल्या संकलनाच्या नावाखाली येते आणि पुष्कळदा त्या संकलनाचेच वर्ष मिरविते. रोमन लिपीत कलाकारांची नावे वेगवेगळ्या प्रकारे लिहिली गेल्याने एकाच गायकाची दोन-तीन खाती निर्माण होतात, ती आणखी वेगळी गोष्ट.

पाश्चात्त्य अभिजात संगीतालाही ही चौकट अपुरी पडते. ॲपलने २०२१ मध्ये प्रायमफॉनिक ही सेवा विकत घेऊन मार्च २०२३ मध्ये अभिजात संगीतासाठी स्वतंत्र ॲप आणले, ते यामुळेच. रागसंगीतासाठी राग, ताल, लय, बंदिश, साथीदार व मैफल यांना धरून रचलेली अशीच सूची का असू नये, हा प्रश्न त्यातून ओघानेच उद्भवतो.

खरा प्रश्न खासगी ध्वनिमुद्रणांचा आहे. महाराष्ट्रात अनेक घरांतून आणि संगीतमंडळांतून मैफलींच्या कॅसेट जपलेल्या आहेत. त्यांतील कित्येकांची दुसरी प्रत कोठेही नाही. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, मैफल कोठे व केव्हा झाली, ही माहिती कॅसेटच्या वेष्टनावर हाताने लिहिलेली असते. कॅसेटची फाइल झाल्यावर ही माहिती फाइलच्या नोंदींत उतरली नाही, किंवा उतरूनही जुळवणीच्या वेळी पालटली गेली, तर ध्वनी शिल्लक राहतो आणि इतिहास जातो.

दाखलनोंदीची आवश्यकता

या संदर्भात ग्रंथालयाचा व्यवहार मार्गदर्शक ठरतो. महाविद्यालयीन ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक ग्रंथाला दाखल क्रमांक मिळतो. एन-लिस्टसारख्या योजनेतून उपलब्ध होणारी नियतकालिके वाचकाला त्याच संगणकावर वाचता येतात. पण त्यांची दाखलनोंद होत नाही, कारण ती ग्रंथालयाची मालमत्ता नव्हे. शोध एकत्र आणि नोंद वेगळी, हे तत्त्व तेथे सहज पाळले जाते. संगीतसंग्रहात नेमके हेच हरवले आहे.

सामान्य श्रोत्याला मालकीशी कर्तव्य नसून त्याला केवळ ऐकावयाचे असते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे आणि एकच शोधखिडकी हा वेळ निश्चितच वाचविते. परंतु भेदाची नोंद ठेवल्याने शोधाला विलंब होत नाही. प्रत्येक गाण्यासमोर ‘स्वतःचे’, ‘विकत घेतलेले’ अथवा ‘वर्गणीचे’ अशी ठळक खूण असावी, एवढीच अपेक्षा आहे.

कंपन्या हे करतील तेव्हा करतील. तोवर काही पथ्ये संग्राहकानेच पाळणे श्रेयस्कर. मूळ फायली प्रवाही सेवेच्या आवाक्याबाहेर स्वतंत्र साठवणीत ठेवाव्यात आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. राग, ताल, साथीदार, स्थळ व दिनांक ही माहिती देवनागरीत वेगळ्या नोंदवहीत उतरवावी. फाइलमधील टिपणाचा रकाना त्यासाठी पूरक समजावा, पर्याय नव्हे. प्रवाही सेवेतील जे गाणे अध्यापनासाठी अपरिहार्य वाटते, ते शक्य असेल तेथे विकत घ्यावे.

समारोप

प्रवाही संगीताने श्रोत्यासमोर अफाट भांडार खुले केले, हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे. परंतु भांडार म्हणजे संग्रह नव्हे. संग्रहात निवड असते, नोंद असते आणि जपण्याची जबाबदारी असते. वर्गणीच्या गाण्यांबाबत ही जबाबदारी श्रोत्याकडे नसते आणि सेवा देणारी कंपनीही ती कायमची स्वीकारीत नाही. म्हणून ज्या फाइलची दुसरी प्रत जगात नाही, तिला कोट्यवधी गाण्यांच्या रांगेत एक गाणे म्हणून उभे करणे ही केवळ तांत्रिक बाब उरत नाही. तो सांस्कृतिक निर्णय ठरतो. तो निर्णय आज्ञावलीवर सोपविण्यापूर्वी संगीताचे अध्यापक, ग्रंथपाल आणि संग्राहक यांनी एकत्र येऊन नोंदींची सामायिक पद्धती निश्चित करणे, हे या चिकित्सेतून पुढे येणारे निकडीचे कार्य होय.